‘भाड्याने देणे आहे’: जाहिरात वाचायची कशी?

‘कोथरूड, मेन रोड टच, प्रशस्त व हवेशीर १ बीएचके, ६०० चौ. फूट, सेमी फर्निश्ड, २४ तास पाणी. शाकाहारी कुटुंबास किंवा नोकरदार मुलींना प्राधान्य. भाडे १८ हजार, डिपॉझिट ५० हजार. एजंट क्षमस्व.’

ही जाहिरात कुठे छापून आलेली नाही. तीन-चार जाहिरातींचे तुकडे जोडून मीच ती बनवली आहे. पण पुण्यात ज्यांनी एकदा तरी खोली शोधलीय त्यांना ती ओळखीची वाटेल. जेमतेम पंचवीस-तीस शब्द, आणि त्यातल्या निम्म्यांचा कोशातला अर्थ वेगळा, जाहिरातीतला वेगळा. आपल्या मंडळात कवितेच्या एका ओळीवर आपण अर्धा-अर्धा तास घालवतो. मग जिच्यावर घरच्यांचे पन्नास हजार रुपये अडकणार आहेत ती ओळही तेवढ्याच बारकाईने वाचायला काय हरकत आहे? येत्या जून-जुलैत तुमच्यातले बरेच जण बेळगाव सोडून पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातील. मी बेंगळुरूत तीन वर्षं काढली, आता पुण्यात आहे. दोन्हीकडे घरं शोधली, मैत्रिणींना शोधून दिली. त्यामुळे मंडळाने लेख मागितल्यावर दुसरा विषय सुचलाच नाही.

व्याकरणापासूनच सुरुवात करू. ‘देणे आहे’ या प्रयोगात कर्ता नाही. देणार कोण, ते वाक्य सांगतच नाही. मालक देतोय, एजंट देतोय, की लग्न ठरल्यामुळे अर्ध्यात घर सोडणारी भाडेकरू आपल्या जागी दुसरी बघतेय? तिघांशी बोलण्याची रीत वेगळी, म्हणून आधी कर्ता शोधायचा. ‘एजंट क्षमस्व’ असेल तर बहुधा मालक असतो (हा शब्दप्रयोग मला फार आवडतो, एजंटांना हाकलायचं, पण क्षमा मागून). ‘नो ब्रोकरेज’ मात्र एजंटसुद्धा बिनदिक्कत लिहितात. मग ओळखायचं कसं? माझा अनुभव असा की फोन उचलल्यावर मालक पहिल्यांदा विचारतो, ‘राहणार कोण कोण?’ आणि एजंट विचारतो, ‘बजेट किती?’ दुसरी खूण म्हणजे एकाच नंबरखाली चार वेगळ्या भागांतली चार घरं. एजंट वाईटच असतो असं अजिबात नाही. परक्या गावात दोन दिवसांत घर हवं असेल तर तोच कामाला येतो. फक्त त्याचे पैसे पंधरा दिवसांच्या भाड्याएवढे की पूर्ण महिन्याच्या, आणि ते कधी द्यायचे, हे घर बघायला जायच्या आधी विचारून घ्यायचं.

आता जागेचे शब्द. ‘टच’ म्हणजे इमारत रस्त्याला लागून आहे. इथे तक्रार अंतराची नसते, आवाजाची असते. रात्री अकरानंतर ट्रक कसे जातात ते बघा. ‘लगत’ म्हणजे एक-दोन गल्ल्या. ‘जवळ’ या शब्दाला मात्र सीमा नाही. ‘हिंजवडीजवळ’ लिहिलेलं घर मारुंजीत असू शकतं, माणमध्ये असू शकतं, आणि सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन्ही लांबच. बेंगळुरूच्या जाहिरातींत याच जातीचा शब्द आहे ‘ऑफ’. ‘ऑफ सर्जापूर रोड’ म्हणजे सर्जापूर रोडवरून कुठेतरी आत वळायचं. किती आत, ते बोलायचं नाही. ‘पाच मिनिटांवर’ लिहिलं असेल तर एकच प्रश्न विचारायचा, ‘चालत की गाडीवर?’ उत्तर देण्याआधी समोरचा किती वेळ थांबतो त्यावरून बरंच कळतं.

‘६०० चौ. फूट’ ही वरवर निरुपद्रवी दिसणारी जागा. पण सहाशे कशाचे? कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली, प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. बिल्ट-अप म्हटलं की त्यात भिंतींची जाडी आणि बाल्कनी येते. सुपर बिल्ट-अप म्हटलं की जिना, लिफ्ट, खालचा पॅसेज यांतला तुमचा वाटाही त्यात मिसळतो. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या ठरवून दिली आणि बिल्डरने घर विकताना तोच आकडा सांगावा असं बंधन आणलं. भाड्याच्या जाहिरातीला असं काही बंधन नाही, त्यामुळे तिथे बहुतेकदा मोठ्यात मोठा आकडा छापला जातो. कार्पेटवर तीस टक्के चढवून सहाशे केले असतील तर तुमच्या वाट्याला साधारण ४६० येतात. तरी एक-दीड खोलीच्या घरात चौरस फुटांवर फार डोकं आपटू नये असं माझं मत आहे. बेडरूम दहा बाय दहा आहे की दहा बाय बारा, एवढं विचारा. दोन कॉट आणि एक कपाट बसतं का, हाच खरा हिशोब.

‘प्रशस्त’ आणि ‘हवेशीर’ ही विशेषणं सोडून द्या, त्यांना वजन नाही. त्यापेक्षा कोणता शब्द लिहिलेला नाही ते बघा. ‘तिसरा मजला’ आहे आणि ‘लिफ्ट’ नाही, तर लिफ्ट नाहीच. फोटो हॉलचे चार आणि बाथरूमचा एकही नाही, तर जाऊन पहिल्यांदा बाथरूमच बघायचं. बेंगळुरूत ‘ईस्ट फेसिंग’ फार चालतं. ते वास्तूच्या हिशोबाने दाराबद्दल असतं, खिडक्यांबद्दल नाही. दार पूर्वेला आणि दोन्ही खिडक्या शेजारच्या भिंतीला चिकटलेल्या, अशी ईस्ट फेसिंग घरं मी बघितली आहेत. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावायची.

‘सेमी फर्निश्ड’ची कुठे व्याख्या नाही. रीतीप्रमाणे पंखे, दिवे, कपाटं, किचन ट्रॉल्या आणि गीझर असा अर्थ धरतात, पण नुसते पंखे लावूनही सेमी म्हणणारे भेटतात. गीझर आहे का, हे वेगळं विचारा. पुण्यातल्या पेठांत शिकायला जाणाऱ्यांनी आणखी एक शब्द ध्यानात ठेवावा, ‘कॉट बेसिस’. इथे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली कॉट मिळते. सोबत एक कपाट, फार तर एक टेबल. स्वयंपाकघर वापरायचं का, रात्री किती वाजता दार बंद होतं, आई येऊन एक रात्र राहिली तर चालेल का, यातलं काही जाहिरातीत येत नाही. कॉट बेसिस स्वस्त पडतं, परीक्षेच्या तयारीला येणाऱ्यांना ते पुरतंही. पण ‘रूम मिळाली’ असं घरी कळवण्याआधी आपल्याला काय मिळालंय ते समजून घ्या.

पाण्याच्या बाबतीत आपण बेळगावकर जरा भोळे असतो असं मला वाटतं. आपल्याकडे काही वॉर्डांत नळाला खरोखर चोवीस तास पाणी देण्याची योजना झाली, म्हणून ‘२४ तास पाणी’ वाचलं की आपण ते नळाचंच समजतो. पुण्या-बेंगळुरूच्या जाहिरातीत त्याचा अर्थ एवढाच की गच्चीवरच्या टाकीत पाणी असतं. टाकीत ते येतं कुठून? महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? बेंगळुरूत ‘कावेरी वॉटर’ असा स्वतंत्र उल्लेख करतात आणि तो भाडं वाढवणारा शब्द आहे. ते पाणी शंभरेक किलोमीटरवरून शहरात येतं आणि शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांपर्यंत सगळीकडे पोचलेलं नाही. ‘कावेरी’ लिहिलेलं नसेल तर बोअर किंवा टँकर समजायचं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या पुष्कळ बोअर आटल्या तेव्हा या एका शब्दाची किंमत सगळ्यांना कळली. टँकर असेल तर पुढचा प्रश्न: त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की दर महिन्याला वाटून घेणार?

विजेचंही तसंच. ‘स्वतंत्र मीटर’ हे दोन शब्द कर्नाटकात पैशाचे आहेत. २०२३ पासून गृहज्योती योजनेत दोनशे युनिटच्या आतल्या घरगुती वापराला बिल माफ आहे, आणि भाडेकरूलाही ते मिळतं. पण त्यासाठी तुमच्या घराचा वेगळा मीटर आणि त्याचा आरआर नंबर लागतो. मालकाच्या मीटरला सब-मीटर जोडून दिलेला असेल तर तुम्ही युनिटमागे मालक सांगेल तो दर देत बसता.

आता पैशांचे शब्द. इथे जरा थांबून वाचा, कारण तेच शब्द राज्य बदललं की अर्थ बदलतात.

मराठीत आपण ‘आगाऊ’ म्हणतो तेव्हा पुढच्या महिन्याचं भाडं आधी देणं असा अर्थ असतो. बेंगळुरूत ‘ॲडव्हान्स’ म्हणजे तसं आगाऊ भाडं नव्हे. ते डिपॉझिट, म्हणजे अनामत. पूर्वीची रीत दहा महिन्यांच्या भाड्याएवढी होती; आता पाच-सहा महिन्यांवर बरेच मालक तयार होतात, पण दहाही मागतात. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट चालतं. म्हणजे पुण्यातलं अठरा हजारांचं घर आणि बेंगळुरूतलं अठरा हजारांचं घर सारखं नाही. पहिल्याला पन्नास हजार घेऊन गेलात तर भागतं, दुसऱ्याला लाख-दीड लाख लागू शकतात. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको असं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारून आपला कायदा केल्याशिवाय त्याचा आधार घेता येत नाही. मालकासमोर त्याचं नाव काढून काही होत नाही, मी काढून पाहिलंय. ते हसले आणि चहा दिला.

बेंगळुरूतल्या डिपॉझिटमधून घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात. जाहिरातीत हे कधीच नसतं, करारात असतं. माझ्या पहिल्या घराच्या वेळी मालकांनी महिन्याच्या भाड्यावर ‘साफसफाई’ म्हणून आणखी चार हजार कापले. करारात रंगाचं लिहिलं होतं, साफसफाईचं नव्हतं. राहायला गेले त्या दिवशीचे प्रत्येक भिंतीचे फोटो माझ्याकडे तारखेसकट होते, ते दाखवल्यावर चार हजार परत आले. तुम्हीही काढा. नळ, आरसा, दाराची कडी, सगळ्याचे.

आणि ‘लीज’! पुण्यात, मुंबईत लीज म्हटलं तर भाडेकराराचाच एक प्रकार डोळ्यांसमोर येतो. बेंगळुरूच्या जाहिरातीत ‘हाउस फॉर लीज, १० लाख’ असं वाचाल तेव्हा ते दहा लाख वर्षाचं भाडं नाही आणि घराची किंमतही नाही. दहा लाख एकरकमी मालकाला द्यायचे, दोन-तीन वर्षं महिन्याचं भाडं न देता राहायचं, आणि सोडताना दहा लाख जसेच्या तसे परत घ्यायचे. कन्नडमध्ये याला ‘भोग्य’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या कागदांत ‘ताबेगहाण’ असा शब्द सापडतो, त्याच्या जवळपासची कल्पना. तुमच्या पैशांचं व्याज हेच मालकाचं भाडं. पुण्या-मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ नावाने हाच व्यवहार चालतो. ऐकायला फुकट राहिल्यासारखं वाटतं. पण मालकाने ते दहा लाख कुठे घातले ते तुम्हाला माहीत नसतं, आणि परत देताना बहुतेकदा तो पुढच्या भाडेकरूकडून घेऊन तुम्हाला देणार असतो. पुढचा मिळेना, किंवा घरावर बँकेचं कर्ज असून हप्ते थकले, तर अडकणार तुम्ही. शिकायला किंवा पहिल्या नोकरीला जाणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन. शेत विकून किंवा सोनं ठेवून कुणाचे वडील हे पैसे देत असतील तर नक्कीच नको.

‘११ महिने ॲग्रीमेंट’ का असतं? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती कटकट टाळायला अकरा महिने. कर्नाटकात हे ठीक. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास शिक्षाही त्यालाच. शिवाय नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणून पुण्यात कुणी ‘नोटरी करू, रजिस्ट्रेशन कशाला?’ म्हणालं तर आपणच आग्रह धरायचा. आता ते अंगठ्याचा ठसा देऊन ऑनलाइन होतं, माणूस घरी येऊन करून जातो. दुसरी बाजूही सांगते. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर त्याच कायद्याखाली दुप्पट भाडं भरावं लागू शकतं.

राहिलं ‘प्राधान्य’. व्याकरणदृष्ट्या प्राधान्य म्हणजे आधी यांना, मग इतरांना. जाहिरातीत त्याचा अर्थ ‘फक्त’. ‘कुटुंबास प्राधान्य’ म्हणजे नवरा-बायको. दोन सख्ख्या बहिणी एकत्र राहणार असतील तर त्या कुटुंब होत नाहीत, त्या ‘बॅचलर’. हा अर्थ कोणत्याच कोशात नाही, पण सगळ्या सोसायट्यांना पाठ आहे.

‘शाकाहारी’ हा शब्द जास्त गुंतागुंतीचा. काही घरांत तो खरोखर स्वयंपाकाबद्दल असतो. मालक खाली राहतात, वास चालत नाही, सरळ तसं सांगतात. पटलं तर राहा, नाहीतर सोडा. पण पुष्कळदा तो ताटाबद्दल नसतोच. पुण्यात माझ्याबरोबर घर शोधणारी मैत्रीण खानापूरकडची, ख्रिस्ती. अंड्याच्या वासानेसुद्धा तिला मळमळतं, जन्मात कधी मासा खाल्लेला नाही. ‘शाकाहारी मुलींना प्राधान्य’ वाचून तिने एका ठिकाणी फोन केला. बाईंनी आडनाव विचारलं. तिने सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘अगं, आत्ताच दिली बघ.’ दहा मिनिटांनी मी माझ्या फोनवरून केला, माझं आडनाव सांगितलं, तर संध्याकाळी बघायला या म्हणाल्या. मी मटण खाते का, हे त्यांनी विचारलंही नाही. आम्ही गेलो नाही. मैत्रीण म्हणाली, ‘निदान शाकाहारी तरी लिहू नये गं, मी आशेने फोन करते.’

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. घटनेचं पंधरावं कलम धर्म-जातीवरून भेद करायला मनाई करतं ती मुख्यतः सरकारला. खाजगी घरमालक त्यात सरळ सापडत नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला होता. तो निकाल सभासदत्वाबद्दलचा, भाडेकरूंबद्दलचा नव्हे, पण वारं कुठलं होतं ते कळतं. मग करायचं काय? आम्ही नंतर एक केलं. फोनवर पहिल्याच वाक्यात मैत्रीण पूर्ण नाव सांगायची आणि मग विचारायची, ‘चालेल ना?’ सात ठिकाणी चाललं नाही. आठवे आजोबा म्हणाले, ‘भाडं पाच तारखेच्या आत देणार असाल तर चालेल.’ तिथे आम्ही दोन वर्षं राहिलो. घर बघायला जाण्याचे सात रिक्षाचे फेरे तरी वाचले.

एक सावधगिरी थोडक्यात. भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी, फोटो मासिकातल्यासारखे, आणि मालक म्हणतोय की मी लष्करात आहे, बदलीवर आहे, घर दाखवायला माणूस येईल पण आधी ‘टोकन’ पाठवा. हा ठरलेला फसवणुकीचा नमुना आहे. कधी कधी तो ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. काही वेळा म्हणतो, मीच तुम्हाला एक रुपया पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही नाही. बेंगळुरूत तर गेटवर लावलेल्या ‘टू-लेट’च्या पाट्या वाचत गल्लीतून फिरणं अजूनही सगळ्यात खात्रीचं, पाटीखालचं घर निदान तिथे असतं.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचं लग्न झालं आणि तिच्या जागी कुणीतरी हवं म्हणून जाहिरात लिहायची पाळी माझ्यावर आली. मी लिहिलं: ‘कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन मुलींत १ बीएचके, बेडरूम दहा बाय अकरा. महापालिकेचं पाणी सकाळी ६ ते ८, नंतर टाकीचं. गीझर, दोन कॉट, फ्रिज माझा. भाडं प्रत्येकी साडेआठ हजार, मेंटेनन्ससकट. डिपॉझिट २० हजार, करार नोंदणीकृत. काहीही शिजवा, आडनाव विचारणार नाही.’ दोन दिवसांत अकरा फोन आले. त्यातल्या पाच जणींनी विचारलं, ‘ताई, लिफ्ट खरंच नाही का?’